टेकलेली की चिकटलेली

डॉक्टरबाई फोटो आधी बघायच्या आणि नाव मागाहून. नाव आधी वाचलं की वय कळतं, माणूस डोळ्यांसमोर येतो आणि मग नजर नको तिथे हळवी होते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशीही त्यांनी अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर छातीचे सीटी स्कॅनचे फोटो वरून खाली सरकवत नेले. मानेपासून निघून हृदयापर्यंत आल्या, हृदयाच्या मागे गेल्या आणि तिथे त्यांचा हात थांबला.

डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात, पाठीच्या बाजूला, लिंबापेक्षा मोठी गाठ होती. कडा गुळगुळीत नव्हती, काटेरी होती. अशी कडा त्यांना आवडत नसे. पण खरी अडचण गाठीची नव्हती, गाठीच्या शेजाराची होती. हृदयातून निघून कण्याला धरून खाली जाणारी महाधमनी, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तिथूनच जात होती आणि गाठ तिला अगदी बिलगून बसली होती. एरवी दोघांच्या मध्ये चरबीची एक बारीक काळी रेघ दिसते. ती दिसली की सर्जन निश्चिंत होतो, कारण मध्ये सुरी घालायला वाट आहे. इथे बऱ्याच लांबीपर्यंत ती रेघ हरवली होती.

रेघ हरवली म्हणजे गाठ चिकटलीच असं नाही. दाटीवाटीत दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी असली म्हणून ती नात्यातली असतात थोडीच. पण नसतात असंही फोटो सांगत नाही.

मग त्यांनी नाव वाचलं, आणि खुर्ची जरा मागे घेतली. हे मास्तर होते.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शेजारच्या सीटवर बसून, पायाशी लावलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी निम्म्या शहराला गाडी चालवायला शिकवली होती. डॉक्टरबाई नोकरीला नवीन लागल्या तेव्हा त्याही त्यांच्याकडेच शिकल्या. पहिल्या दिवशी गाडी दुभाजकावर चढवली तरी मास्तर ओरडले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "चला, आता उतरवायची कशी तेही शिकून घेऊ."

दरवाजा ढकलून सर्जन आत आले. वयाने मोठे, बोलायला तुटक, हाताला मात्र विलक्षण हलके. खुर्ची ओढून घेण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"पाहिलंत?"

"पाहतेय."

"एक्स-रेत सावली, दुर्बीण घालून पाहिलं तर हाती काही नाही. सुईने तुकडा काढावा तर मागे एवढी मोठी नस. म्हणजे उघडून काढणं हाच मार्ग. काढता येईल की नाही तेवढं सांगा. चिकटलीय का?"

"सर, या फोटोंवरून सांगता येत नाही."

"मला तसं चालत नाही. होय म्हणा, नाही म्हणा."

सर्जन असे का बोलतात ते डॉक्टरबाईंना ठाऊक होतं. मागच्या वर्षी एका बाईचे फोटो दुसऱ्या ठिकाणाहून काढून आले होते. सोबतच्या कागदावर 'गाठ मोकळी आहे' असं ठासून लिहिलं होतं. त्या भरवशावर सर्जननी छाती उघडली. गाठ मोकळी नव्हती. महाधमनी फाटली आणि ती बाई टेबलावरच गेली. तेव्हापासून सर्जन कोणाच्याही 'बहुतेक'वर विश्वास ठेवायला तयार नव्हते.

"होय म्हटलं तर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तर मी हात लावणार नाही. औषधं, किरणं, जे होईल ते. वर्ष काढतील, दोन काढतील."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर उद्या सकाळी घेतो. टेबल मोकळं आहे. आणि तुमचं 'नाही' चुकीचं ठरलं, तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे."

"सर, हे फोटो श्वास रोखून काढलेत. माणूस थांबलेला, फुफ्फुस थांबलेलं, गाठ थांबलेली. थांबलेल्या दोन गोष्टी एकमेकींना नुसत्या टेकल्यात की चिकटल्यात, हे कसं कळणार? मला त्या हलताना बघायच्यात. एकदा भरपूर श्वास आत घेऊन फोटो काढते आणि एकदा सगळा श्वास बाहेर सोडून. महाधमनी कण्याला बांधलेली आहे, ती जागची हलत नाही. फुफ्फुस वरखाली होतं. गाठ फुफ्फुसाबरोबर सरकली तर मोकळी. महाधमनीजवळच थांबली तर..."

"परत नसेतून डायचं औषध सोडणार? किडनीचा रिपोर्ट काठावर आहे त्यांचा."

"डाय लागणार नाही. हे बघा." त्यांनी महाधमनीच्या भिंतीतला एक पांढरा ठिपका दाखवला. वयानुसार नसेत चुना साठतो, तसा साठलेला. "हा डायशिवायही दिसतो. भिंतीत रुतलेला आहे, हलणार नाही. गाठीची खालची कड याच्या वर जाते की खाली, एवढंच मोजायचंय. पट्टाही छोटाच घ्यायचा, सगळी छाती नाही."

सर्जननी वाकून तो ठिपका बघितला.

"दुपारपर्यंत," ते म्हणाले आणि निघून गेले.

मास्तर बाहेर बाकावर बसले होते. शर्ट अंगात लोंबत होता. शेजारी त्यांची बायको, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, रुमाल, स्वेटर, जुने एक्स-रे आणि देव जाणे काय काय. डॉक्टरबाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मास्तरांनी डोळे बारीक केले.

"तुम्ही... थांबा, आठवू द्या. क्लच सोडायला घाई करायच्या त्या."

"हो, मास्तर. अजून करते."

"म्हणजे माझी मेहनत पाण्यात," ते म्हणाले आणि हसता हसता खोकायला लागले. खोकला लांबत गेला. बायकोने पाठीवर हात ठेवला. चोळलं नाही, थोपटलं नाही, नुसता ठेवला.

"बोलू नका म्हटलं तर ऐकायचं नाही," ती म्हणाली. "डॉक्टरबाई, यांचं असंच. रिक्षात बसलो तरी रिक्षावाल्याला शिकवतात."

डॉक्टरबाईंनी दोघांना आणखी एका स्कॅनचं सांगितलं. सुई टोचायची नाही, औषध सोडायचं नाही, फक्त श्वास सांगितल्याप्रमाणे घ्यायचा आणि सोडायचा. मास्तरांनी मान हलवली. टेक्निशियन त्यांना कपडे बदलायला घेऊन गेला, तशी बायको उठली आणि डॉक्टरबाईंच्या अगदी जवळ आली.

"एक विचारू? खरं सांगा."

"विचारा ना काकू."

"माझ्या भावाचं पोट उघडलं होतं आणि तसंच शिवून टाकलं होतं. काही करता येत नाही म्हणाले. चीर भरून येईपर्यंत त्याला उठता आलं नाही आणि चीर भरली तेव्हा तोच राहिला नाही. उरलेले दिवस होते ते पण गेले, अंथरुणात." तिचा आवाज चढला नाही. "यांचं तसं नको. होणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा. मी घेऊन जाते घरी. पण होण्यासारखं असेल आणि तुम्ही लोक घाबरून नाही म्हणालात, तर तेही मला चालणार नाही."

सर्जन एका बाजूने जे मागत होते तेच ही बाई दुसऱ्या बाजूने मागत होती, आणि तिच्या मागण्यात जास्त धार होती.

"मला जेवढं दिसेल तेवढंच सांगेन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात भर घालणार नाही आणि त्यातलं काही काढणारही नाही."

"तेवढंच सांगा."

स्कॅनच्या खोलीत थंडी होती. मधोमध ते मोठं गोल कडं, त्याच्यातून आतबाहेर होणारं अरुंद टेबल. टेक्निशियनने मास्तरांना उताणं झोपवलं, हात डोक्याच्या वर घ्यायला लावले. हात वर जाताच पाठीत कळ आली असावी. मास्तरांनी ओठ आवळले, पण बोलले नाहीत. टेक्निशियन काचेपलीकडे आला आणि माइकवर म्हणाला, "काका, श्वास घ्या. पूर्ण घ्या. रोखून धरा."

टेबल सरकलं. पडद्यावर फोटो उमटले. डॉक्टरबाई पुढे झुकल्या.

"हलले," टेक्निशियन म्हणाला.

फोटो फिसकटले होते. कण्याच्या कडा दुहेरी दिसत होत्या. त्याने पुन्हा एकदा घेतला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डॉक्टरबाईंनी पडद्याकडे न बघता काचेतून बघितलं. टेबल सरकायला लागलं आणि मास्तरांचा पाय ताठ झाला, टाच टेबलात रुतली, पंजा पुढे दाबला गेला. त्यासरशी सगळं अंग किंचित वर उचललं गेलं.

डॉक्टरबाई आत गेल्या.

"मास्तर, तुम्ही ब्रेक मारताय."

"मी?"

"टेबल हललं की तुमचा पाय दाबला जातोय."

मास्तर वरच्या छताकडे बघत राहिले. त्यांना खरंच कल्पना नव्हती. "जन्म गेला हो त्यात," ते म्हणाले. "गाडी आपोआप निघाली की पाय जातोच."

टेक्निशियनने गुडघ्यांखाली जाड उशी घातली आणि पावलांच्या पुढे काही टेकणार नाही असं बघितलं. आता आत घेतलेल्या श्वासाचे फोटो स्वच्छ आले. गाठीची खालची कड चुन्याच्या ठिपक्याच्या बरीच खाली होती. हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा अवघड होता.

"आता श्वास सोडा, काका. सगळा सोडा. अजून सोडा. आता घेऊ नका."

रिकाम्या छातीने थांबणं सोपं नसतं. भरलेल्या छातीला धीर असतो, रिकामी छाती लगेच घाबरते. मास्तरांनी श्वास सोडला, क्षणभर थांबले आणि टेबल अर्ध्यावर असतानाच त्यांनी हवेचा मोठा घोट घेतला. पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. ते टेबलावर उठून बसायला बघत होते, टेक्निशियन धावला. खोकला थांबेना. चेहरा काळवंडला. टेक्निशियनने त्यांना कुशीवर वळवून धरलं. आता सोडून द्यावं, असं काचेमागे डॉक्टरबाईंच्या मनात येऊन गेलं. सर्जनना सांगावं, जमलं नाही. सर्जन म्हणतील, मग 'चिकटलीय' असंच धरतो. आणि बाहेर बसलेल्या बाईला काय सांगायचं? पाय हलला, खोकला आला, म्हणून नाही म्हटलं?

त्या पुन्हा आत गेल्या. मास्तर आडवे झाले होते. डोळ्यांच्या कडांना पाणी होतं.

"सोडून द्या आता," मास्तर हळू म्हणाले. "नाही होत."

"थोडा वेळ थांबू. घाई नाही."

"श्वास संपला की वाटतं, आता पुढचा येणारच नाही."

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं. "मास्तर, चढावर गाडी थांबवायला तुम्ही मला शिकवलं होतं. पुढे लाल दिवा, मागे ट्रक. मी म्हणत होते गाडी मागे जाणार. तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांनी आठवलं. "म्हटलं असेन, अर्ध्या क्लचवर धरा. इंजिनचा आवाज ऐका. ट्रककडे बघू नका."

"तेच करायचंय. श्वास सगळा सोडायचा आणि तिथे धरायचं. यंत्राचा आवाज ऐका. आवाज बंद झाला की मोकळे. पुढच्या श्वासाकडे बघू नका."

"आवाज किती वेळ?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, पण एक वाक्य बोलून होईल एवढाच. आधी यंत्र बंद ठेवून इथेच दोनदा करून बघू."

त्यांनी शेजारी बसून सराव केला. पहिल्यांदा मास्तर मधेच सुटले. दुसऱ्यांदा थांबले. डॉक्टरबाई त्यांच्या छातीकडे बघत होत्या आणि नकळत त्यांनीही स्वतःचा श्वास सोडून धरला होता. मास्तरांच्या ते लक्षात आलं. "तुम्ही कशाला," ते म्हणाले, "तुम्हाला फोटो बघायचेत."

काचेमागे येऊन डॉक्टरबाईंनी मान हलवली. टेक्निशियनने माइकवर सांगितलं. मास्तरांचं पोट आत गेलं, छाती खाली बसली, आणि तशीच राहिली. टेबल सरकलं. यंत्राचा आवाज चढला, फिरला, उतरला. पाय हलला नाही.

"श्वास घ्या, काका," टेक्निशियन म्हणाला आणि स्वतःही घेतला.

पडद्यावर डॉक्टरबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे भरलेला श्वास, उजवीकडे रिकामा. चुन्याचा ठिपका दोन्हीकडे एकाच पातळीवर होता, कण्याच्या त्याच मणक्यासमोर. डावीकडे गाठीची कड ठिपक्याच्या खाली लोंबत होती. उजवीकडे ती ठिपक्याच्या वर गेली होती.

सरकली होती. महाधमनी जागच्या जागी आणि गाठ तिच्या अंगावरून घसरत वर.

टेक्निशियनला ते दिसलं. तो हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या गाठीच्या वरच्या टोकाकडे बघत होत्या. खालची कड जेवढी सरकली होती, मधला भाग जेवढा सरकला होता, तेवढा वरचा कोपरा सरकला नव्हता. थोडा सरकला होता. कदाचित. फुफ्फुसाचा वरचा भाग तसाही कमी हलतो, त्यामुळेही असेल. किंवा तिथे, तेवढ्याच जागी, ती धरून बसली असेल. त्यांनी फोटो मागे नेले, पुढे आणले, जवळ घेतले, लांब नेले. रेघ ओढून मोजलं, मग रेघ पुसून पुन्हा ओढली. उत्तर बदललं नाही आणि स्पष्टही झालं नाही.

सर्जन दुपारी आले तेव्हा त्यांनी काही न बोलता दोन्ही फोटो दाखवले. सर्जननी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून बघितलं.

"हलतेय की," ते म्हणाले.

"खालचा भाग मोकळा आहे. मधला मोकळा आहे. यावर मी सही करते. वरच्या कोपऱ्यात, इथे, नखाएवढ्या जागेत मला सांगता येत नाही."

"परत तेच."

"नाही सर, तेच नाही. सकाळी मला सगळ्याच गाठीबद्दल सांगता येत नव्हतं. आता नखाएवढ्या जागेबद्दल येत नाही. कुठे येत नाही, ते बोट ठेवून सांगतेय."

"आणि तिथेच चिकटली असेल तर?"

"तर तुम्हाला आधीपासून माहीत असेल की अडचण कुठे येणार आहे. मागच्या वर्षीच्या त्या बाईच्या वेळी तुम्हाला कोणी तेवढंही सांगितलं नव्हतं."

सर्जनपुढे त्या बाईचं नाव कोणी काढत नसे. टेक्निशियनने उगाचच केबल गुंडाळायला घेतली. सर्जननी चष्मा खाली आणला, काच पुसली, परत चढवला.

"आधी दुर्बिणीने आत बघतो," ते म्हणाले. "खालून सुरू करतो, जिथे मोकळी आहे तिथून. नसांचे सर्जन शेजारी उभे राहतील. वरच्या कोपऱ्याला हात लावण्याआधी महाधमनीला वर आणि खाली पट्ट्या घालून ठेवतो. फाटलीच तर आवळता येईल." मग दाराशी जाऊन वळले. "त्यांना तुम्ही सांगा. तुम्ही बरं सांगाल."

बाकावर मास्तर आणि त्यांची बायको पाण्याची बाटली मध्ये ठेवून बसले होते. डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं. काय दिसलं, काय दिसलं नाही, उद्या कुठून सुरुवात होणार, कुठे धोका आहे. 'घाबरू नका' हे शब्द त्यांनी मुद्दाम टाळले.

"म्हणजे उघडून परत शिवायची वेळ येऊ शकते," बायको म्हणाली.

"येऊ शकते. पण आधी छोट्या भोकातून बघणार आहेत. मोठी चीर देण्याआधीच बरंच कळेल."

"आणि त्याहून वाईट?"

"तेही होऊ शकतं."

बायकोने मास्तरांकडे बघितलं. मास्तर जमिनीकडे बघत होते.

"अहो, बोला की काहीतरी. एरवी तोंडाला खळ नसतो."

"मी काय बोलू," मास्तर म्हणाले. "तू काय म्हणतेस?"

"छाती तुमची आहे."

"धडधड तुला जास्त झालीय." मास्तरांनी बाटली तिच्या पिशवीत ठेवली. "करू या. मला असं बसून राहायचा कंटाळा आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई नेहमीसारख्या कामाला बसल्या. कोणाचं डोकं, कोणाचं पोट, कोणाचा गुडघा. एक फोटो त्यांनी तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. चहा आला तसा गार झाला. फोन वाजला की त्यांचा हात आधी जायचा आणि काळीज मागाहून. दोनदा वॉर्डातून आला, एकदा दुकानातून. मग ऑपरेशन थिएटरमधून आला. "सरांनी बोलावलंय. फोटो घेऊन या."

त्यांनी टोपी, मास्क, झगा चढवला. आतल्या परिचारिकेने मागच्या नाड्या बांधून दिल्या.

मास्तर कुशीवर होते, हिरव्या कापडांखाली ते मास्तर आहेत असं वाटत नव्हतं. छाती उघडलेली होती. सर्जनचा हात आत होता, मनगटापर्यंत. त्यांनी मान वर केली नाही.

"खालून मोकळी निघाली. मधूनही. बोट आरपार जातंय, बघा." त्यांचं बोट गाठीच्या मागून अलगद फिरत होतं. मग ते थांबलं. "आणि इथे अडतंय. फोटो लावा."

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर दोन्ही फोटो लावले.

"कोपरा किती लांब म्हणालात?"

"नखाएवढा, सर. चुन्याच्या ठिपक्यापासून वर, आतल्या अंगाला. त्याच्या पुढे गाठ नाही."

"म्हणजे एवढं पार केलं की सुटली."

"हो."

महाधमनीच्या वर आणि खाली दोन पांढऱ्या पट्ट्या आधीच घातलेल्या होत्या. नसांच्या सर्जननी त्यांची टोकं हातात धरली. यंत्रावर मास्तरांच्या हृदयाचा ठोका एकसारखा वाजत होता. सर्जननी कात्री बाजूला ठेवली, बोथट टोकाचं एक हत्यार घेतलं आणि गाठ आणि महाधमनी यांच्यामध्ये हळू, अगदी हळू दाबायला सुरुवात केली. कापायचं नाही, नुसतं वेगळं करायचं. ओल्या पाकिटावरून तिकीट सोडवावं तसं.

अचानक लाल भरून आलं. सगळं दिसेनासं झालं. नसांच्या सर्जननी पट्टीची टोकं वर उचलली आणि सर्जनकडे बघितलं. आवळली की खालच्या अर्ध्या अंगाचं रक्त बंद, आणि मग घड्याळाशी शर्यत.

"थांबा," सर्जन म्हणाले. त्यांचं बोट त्या लाल तळ्यात दाबलेलं होतं. "उसळत नाहीये. नुसतं झिरपतंय. मोठी नस असती तर बोट राहिलं नसतं." त्यांनी रक्त ओढून घ्यायला लावलं. तळ उघडा पडला. महाधमनीची भिंत पांढरी, अखंड दिसत होती. तिच्यापासून फुटलेली सुतळीएवढी एक फांदी तुटली होती. त्यांनी ती चिमटीत धरली, बांधली, आणि पुन्हा त्याच संथपणे कामाला लागले.

गाठ महाधमनीच्या वरच्या पातळ पापुद्र्याला चिकटली होती. पापुद्रा गाठीबरोबर निघाला. भिंत राहिली. फुफ्फुसाचा खालचा भाग गाठीसकट बाहेर आला तेव्हा सर्जननी तो परिचारिकेच्या हातातल्या भांड्यात ठेवला, आणि पहिल्यांदा मान वर केली. मास्कच्या वरचे डोळे थकलेले होते.

"पट्ट्या सोडा," ते म्हणाले. मग डॉक्टरबाईंना म्हणाले, "बाहेर त्यांची बायको बसलीय."

ती जिन्याजवळच्या बाकावर होती. डॉक्टरबाईंचा चेहरा दिसताच ती उभी राहिली आणि पिशवी खाली पडली. तिने उचलली नाही.

"निघाली, काकू. सगळी निघाली. ते ठीक आहेत."

बाईने दोन्ही हातांनी डॉक्टरबाईंचा दंड धरला. खूप घट्ट. मग बाकावर बसली आणि पदराने चेहरा पुसायच्या ऐवजी कितीतरी वेळ तो चेहऱ्यावर धरून राहिली. डॉक्टरबाईंनी पिशवीतून पडलेला रुमाल, स्वेटर, एक्स-रे गोळा केले आणि शेजारी बसून राहिल्या.

तपासणीचा निकाल आला तो पूर्ण गोड नव्हता. गाठ कॅन्सरचीच होती. कडा स्वच्छ निघाल्या होत्या, पण जवळच्या एका ग्रंथीत थोडं पोचलं होतं, म्हणून औषधांचे डोस घ्यावे लागले. मास्तरांचे केस गेले, तोंडाची चव गेली. बायकोशी भांडायची ताकद काही दिवस गेली आणि तेच तिला सगळ्यात जास्त जाणवलं, असं ती परिचारिकांना सांगायची. मग हळूहळू एकेक गोष्ट परत आली.

हिवाळ्याच्या अखेरीस मास्तर पुन्हा स्कॅनला आले. या वेळी डाय सोडता आली, किडनी सुधारली होती. फोटो आले तेव्हा डॉक्टरबाई एकट्याच पडद्यासमोर बसल्या. गाठीच्या जागी गाठ नव्हती. महाधमनीच्या कडेला एक बारीक पांढरट पट्टा दिसत होता, शिवणीचा व्रण. तो व्रणच आहे ना, हे त्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी बघितलं. सर्जनना बोलावलं. सर्जननी बघितलं. हल्ली ते छातीची केस असली की तारीख ठरवायच्या आधी स्वतः खाली येत, खुर्ची ओढून बसत आणि विचारत, "कुठे माहीत नाही, तेवढं आधी सांगा."

"व्रण आहे," सर्जन म्हणाले.

"मलाही तेच वाटतं. तरी तीन महिन्यांनी परत बघू."

मास्तरांना आत बोलावलं. ते आले, मागून बायको आली. मास्तर पडद्यासमोर उभे राहिले आणि स्वतःच्या आतल्या बाजूकडे नवलाने बघत राहिले.

"इथे होती?"

"इथे."

"आणि आता तिथे काय आहे?"

"वरचं फुफ्फुस खाली पसरलंय. रिकामी जागा भरून काढतंय."

मास्तरांनी बायकोला पुढे ओढलं. "बघ गं. सरकून बसलंय."

"मला नाही बघायचं आतलं," ती म्हणाली, पण बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डॉक्टरबाईंना विचारलं, "पुढची तारीख कधीची म्हणालात? मला कामावर त्या दिवशीची सुट्टी आधी सांगावी लागते."

डॉक्टरबाईंनी तारीख सांगितली. दोघं निघाले. बाहेरच्या बाकावर पुढचा माणूस बसला होता, एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून. मास्तर त्याच्यापाशी थांबले, "फक्त यंत्राचा आवाज ऐका," म्हणाले. त्या माणसाने मान हलवली. डॉक्टरबाईंनी दिवा मालवला आणि टेक्निशियनला सांगितलं, "घे त्यांना आत."